हार्डीचा दावा आणि युक्लिडची भाषा

रामानुजनच्या चरित्रामुळे आपल्याकडे परिचित झालेला केंब्रिजचा गणिती जी. एच. हार्डी ह्याने १९४० साली 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. साहित्याच्या विद्यार्थ्याला झोंबावा असा एक दावा त्यात आहे. शोकांतिका लिहिणारा एस्किलस आणि भूमिती करणारा आर्किमिडीज ह्या दोन ग्रीकांपैकी काळाच्या ओघात आर्किमिडीजच उरेल, असे हार्डी म्हणतो. त्याचे कारण असे की, नाटक भाषेच्या आश्रयाने जगते आणि भाषेला मरण आहे. गणिती कल्पनेला तशा आश्रयाची गरज नाही. भाषा शिकण्या-शिकवण्यात आयुष्य घालवणाऱ्यांनी ह्यावर रागावण्यापेक्षा दावा तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते. तपासणीचे साहित्य हार्डीनेच पुरवले आहे. गणिताचे सौंदर्य दाखवण्यासाठी त्याने ज्या दोन सिद्धता निवडल्या त्या दोन्ही ग्रीकांच्या आहेत: मूळ संख्या कधीच संपत नाहीत ही एक, आणि चौरसाचा कर्ण व बाजू ह्यांना समान माप नसते ही दुसरी.

पहिली सिद्धता युक्लिडच्या 'मूलतत्त्वे' ह्या ग्रंथाच्या नवव्या पुस्तकात विसावे प्रमेय म्हणून येते. ग्रंथ इ.स.पू. ३००च्या सुमाराचा, अलेक्झांड्रियातला. पुस्तके एकूण तेरा, आणि त्यांपैकी सातवे, आठवे व नववे ही तीन संख्यांविषयीची. शाळेत मसावि काढण्याची भागाकाराची जी रीत आपण शिकलो ती सातव्या पुस्तकाच्या प्रारंभीच आहे. आज संगणकावरील गुप्तलेखनात, उदाहरणार्थ १९७७ सालच्या आरएसए पद्धतीत, किल्ली तयार करताना हीच रीत विस्तारून वापरतात. परंतु उपयुक्ततेचा मुद्दा येथे मांडला तर हार्डीचा आत्मा दुखावेल. आपले गणित कोणाच्या उपयोगी पडत नाही ह्याचा त्याला अभिमान होता.

आता ती सिद्धता. समजा, काही मूळ संख्या आपल्या हाती आहेत. त्या सर्वांनी भाग जाईल अशी लहानात लहान संख्या घ्या आणि तीत एक मिळवा. नवी संख्या एकतर स्वतःच मूळ असेल, किंवा तिला कोणत्यातरी मूळ संख्येने भाग जाईल. ही भाग घालवणारी संख्या आपल्या हातातल्यांपैकी असू शकत नाही, कारण तसे असते तर तिने उरलेल्या एकालाही भागले असते. म्हणजे हातातल्या संख्यांबाहेरची एक मूळ संख्या सापडलीच. २, ३, ५ घेतल्यास ३१ मिळते आणि ते मूळ आहे. २, ३, ५, ७, ११, १३ घेतल्यास ३००३१ मिळते. ते मूळ नाही, पण त्याचे ५९ आणि ५०९ हे दोन्ही विभाजक नवे आहेत.

हार्डी ही सिद्धता युक्लिडची म्हणून देतो, पण युक्लिडने ती अशी लिहिलेली नाही. हार्डी तिला विरोधाभासाच्या साच्यात बसवतो. मूळ संख्या मर्यादित आहेत असे धरून चाला, म्हणजे अनर्थ ओढवतो, अशी त्याची मांडणी. युक्लिडच्या मांडणीत ते गृहीतच नाही. तो सरळ तीन मूळ संख्या घेतो (अक्षरे ग्रीक: अल्फा, बीटा, गॅमा) आणि चौथी काढून दाखवतो, विरोधाभासाची युक्ती फक्त एका पायरीपुरती येते. 'अनंत' हा शब्दही त्याच्या विधानात नाही. दिलेल्या कोणत्याही समूहापेक्षा मूळ संख्या अधिक असतात, इतकेच तो म्हणतो. शिवाय त्याच्या संख्या रेषाखंड म्हणून रेखाटलेल्या असतात आणि एक संख्या दुसरीला 'भागत' नाही, 'मापते'. त्याच्या व्याख्येनुसार संख्या म्हणजे एककांचा समुदाय, त्यामुळे 'एक' ही त्याच्या लेखी संख्याच नाही. तिन्हींवरून सर्वांविषयी बोलण्याचा हक्क कसा मिळतो, हे तो सांगत बसत नाही. वाचकाला ते कळते, असे तो धरून चालतो.

ह्यावर हार्डी म्हणेल की, हे सगळे वेष्टन झाले. गाभा तोच आहे. त्याचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. ३००३१चे विभाजक अथेन्समध्ये आणि अमरावतीत सारखेच येतात. तरीही 'अनंत मूळ संख्या आहेत' आणि 'हव्या तितक्यांहून एक अधिक नेहमी काढता येते' ही दोन विधाने सारखी आहेत की नाहीत, ह्यावर गेल्या शतकात गणिताच्या तत्त्वज्ञानात मोठे वाद झाले आहेत. दुसऱ्या विधानात अनंताला सिद्ध वस्तू मानलेले नाही. ॲरिस्टॉटलनेही अनंत हे पूर्ण झालेल्या रूपात नसते, केवळ शक्यतेच्या रूपात असते, असे मानले होते. अनुवादात जो एक शब्द सहज घुसतो त्याच्याबरोबर एक अख्खे तत्त्वज्ञान घुसते, हे साहित्याच्या अभ्यासकाला नव्याने सांगण्याची गरज नसावी.

दुसऱ्या सिद्धतेची कथा अधिक नाट्यमय आहे, किंबहुना तिच्यात नाट्य अंमळ जास्तच भरले गेले आहे. पायथागोरसचे अनुयायी विश्वाचा कारभार पूर्णांकांच्या गुणोत्तरांवर चालतो असे मानत. संगीतातल्या स्वरांची गुणोत्तरे हा त्यांचा मोठा पुरावा. अशा श्रद्धेत चौरसाच्या कर्णाने पाचर मारली. समजा, कर्ण आणि बाजू ह्या दोन्हींना मापणारे काही एकक आहे. मग दोन्हींची मापे पूर्ण संख्यांत येतील, आणि संक्षेप करून घेतल्यावर त्या दोन्ही सम असणार नाहीत. कर्णाचा वर्ग बाजूच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून सम. म्हणून कर्णाची संख्याही सम. म्हणून बाजूची संख्या विषमच असली पाहिजे. पण कर्णाची संख्या सम असल्याने तिचा वर्ग चारच्या पटीत आहे. त्याच्या निम्मा असलेला बाजूचा वर्ग मग सम ठरतो, आणि बाजूही सम ठरते. एकच संख्या विषम आणि सम! ॲरिस्टॉटल तर्कशास्त्रावरील आपल्या ग्रंथात ह्या सिद्धतेचा एका वाक्यात उल्लेख करतो, जणू त्याच्या श्रोत्यांना ती पाठच असावी.

हे गुपित फोडणाऱ्या हिप्पाससला समुद्रात जलसमाधी मिळाली, ही दंतकथा सर्वांच्या परिचयाची आहे. ती सांगणारे लेखक त्या काळानंतर कित्येक शतकांनी झालेले आहेत. ह्या शोधाने ग्रीक गणित हादरून गेले हे मतही आम्हांस विसाव्या शतकातल्या गणितींनी आपल्या काळच्या पायाभूत संकटाची सावली मागे पाडून तयार केलेले वाटते. प्लेटोच्या लेखनात दिसणारे चित्र निराळे आहे. 'थीटेटस' ह्या संवादात थिओडोरस नावाचा शिक्षक ३, ५ अशा क्षेत्रफळांच्या चौरसांच्या बाजू एककाशी समप्रमाण नाहीत हे एकेक करून दाखवत १७पर्यंत येतो आणि थांबतो. मग तरुण थीटेटस त्या सर्वांना एका नियमात बांधतो. वातावरण हादरल्याचे मुळीच नाही, उत्साहाचे आहे. 'मीनो' ह्या संवादात तर सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला लावतो. मुलगा आधी बाजू दुप्पट करतो, चुकतो, पुन्हा चुकतो, आणि शेवटी कर्णावर येऊन पोचतो. ज्या रेषेला संख्येत नाव नाही तिच्याकडे बोट दाखवता येते, ही त्या प्रसंगातली गंमत आहे. पुढे युडॉक्ससने गुणोत्तराची अशी व्याख्या केली की ती मापता न येणाऱ्या राशींनाही लागू पडावी. १८७२ साली डेडेकिंडने अपरिमेय संख्यांची जी मांडणी केली तिची युडॉक्ससच्या व्याख्येशी असलेली जवळीक अनेकांनी दाखवून दिली आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, नाहीतर ग्रीकांनी सिद्ध केले आणि इतरांनी केवळ हिशेब केला हा घासून गुळगुळीत झालेला सूर लागतो. चौरसाच्या कर्णाचे अत्यंत अचूक मूल्य बॅबिलोनच्या मातीच्या पाटीवर युक्लिडच्या हजाराहून अधिक वर्षे आधी कोरलेले आढळते. आपल्याकडे बौधायन शुल्बसूत्रातील मूल्य ५७७/४०८ इतके येते आणि अशा मूल्यासाठी शुल्बसूत्रांत 'सविशेष' हा शब्द आहे; काहीतरी शेष राहते ह्याची जाण त्या शब्दातच आहे, असे काही अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने मल्याळममध्ये लिहिलेल्या 'युक्तिभाषा' ह्या ग्रंथात तर उपपत्तीच उपपत्ती आहेत. ग्रीकांचे वेगळेपण कशात असेल तर सिद्धतेच्या एका विशिष्ट रूपात: आधी काय मान्य करायचे ते उघडपणे मांडून, त्यापलीकडे कशाचाही आधार न घेण्याच्या हट्टात. हा हट्ट कोठून आला? हंगेरियन अभ्यासक आर्पाद साबो ह्यांनी त्याचे मूळ पार्मेनिडीज आणि झेनो ह्यांच्या वादपद्धतीत शोधले. जी. ई. आर. लॉइड ह्यांनी १९७९ सालच्या ग्रंथात ग्रीक नगरराज्यातल्या सभा आणि न्यायालये ह्यांकडे बोट दाखवले. ज्या समाजात प्रत्येक दावा प्रतिपक्षासमोर उभा राहून पटवावा लागतो, तेथे ज्याला कोणी आव्हान देऊ शकणार नाही अशा युक्तिवादाचे आकर्षण वाढणारच. आमचा कल लॉइड ह्यांच्याकडे आहे. वक्तृत्वशास्त्र आणि भूमिती ही एकाच अंगणात वाढलेली भावंडे आहेत असे मानले, तर पुढचे बरेच काही उलगडते.

युक्लिडचे गद्य मुळातून किंवा शब्दशः अनुवादातून वाचणाऱ्याला प्रथम जाणवते ती त्याची पुनरुक्ती. तेच शब्द, तीच वाक्ये, त्याच क्रमाने. रेव्हिएल नेट्झ ह्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या भाषेचे बारकाईने विश्लेषण केले आहे, आणि त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो होमरच्या अभ्यासाचा! मिल्मन पॅरीने दाखवून दिले होते की, होमरची महाकाव्ये ठरावीक पदबंधांच्या साठ्यातून घडलेली आहेत. नेट्झ ह्यांच्या मते ग्रीक भूमितीही तशाच पदबंधांतून घडते. शब्दसंग्रह अगदी मोजका, आणि त्यामुळेच एका पायरीवरून दुसरीवर जाताना पाय घसरत नाही.

काही लकबी तर मराठी वाचकाला खास आवडाव्यात. रेषा हा शब्द ग्रीकमध्येही स्त्रीलिंगी आहे. युक्लिड 'रेषा अब' असे दर वेळी म्हणत नाही. नुसते स्त्रीलिंगी उपपद लावून 'ती अब' म्हणतो आणि लिंगावरूनच वस्तू ओळखली जाते. (मराठीत हे जमते, इंग्रजी अनुवादकाला प्रत्येक वेळी नाम भरावे लागते.) दुसरी लकब क्रियापदाची. 'वर्तुळ काढा' असे तो सांगत नाही, 'मी काढतो' असेही नाही. त्याचे रूप तृतीयपुरुषी, कर्मणी आणि पूर्णत्वाचे आज्ञार्थी आहे. मराठीत ते जेमतेम 'काढलेले असो' असे आणता येईल. कोणी काढले, केव्हा काढले, हात कोणाचा, ह्याचा पत्ता नाही. वाचक येतो तेव्हा वर्तुळ झालेलेच असते. कर्त्याला इतके पुसून टाकणारे गद्य त्यापूर्वी कोणी लिहिले असेल असे आम्हांस वाटत नाही, आणि आजच्या शास्त्रीय लेखनातल्या कर्मणी प्रयोगाचे हे दूरचे पूर्वज असावेत.

प्रमेयाची बांधणीही ठरलेली. पाचव्या शतकातला भाष्यकार प्रोक्लस तिची सहा अंगे सांगतो: विधान, मांडणी, साध्याचा निर्देश, रचना, सिद्धता आणि निष्कर्ष. मराठी माध्यमाच्या शाळेत भूमितीच्या वहीत डाव्या बाजूला 'पक्ष', 'साध्य', 'रचना', 'सिद्धता' अशी शीर्षके ज्यांनी लिहिली आहेत, त्यांच्या हाताला हे वळण नकळत लागलेले आहे.

अशा भाषेचे भाषांतर कसे करावे, ह्यावरून १९७५ साली मोठे वादळ उठले. दुसऱ्या पुस्तकातले चौथे प्रमेय पाहा. एक रेषा कोठेही छेदली, तर संपूर्ण रेषेवरचा चौरस हा दोन्ही खंडांवरचे चौरस आणि त्या खंडांनी बनलेल्या आयताची दुप्पट ह्यांच्या बरोबर असतो. आपण हे वाचताक्षणी 'अ अधिक ब, कंसाचा वर्ग' असे म्हणून मोकळे होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इतिहासकारही तेच म्हणत आले होते. ग्रीकांचे हे बीजगणितच, फक्त भूमितीच्या वेषातले, असा त्यांचा सिद्धान्त. सबेताई उंगुरू ह्यांनी त्यावर घणाघात केला. ज्यांच्याजवळ चिन्हे नव्हती, समीकरण ही कल्पना नव्हती, त्यांच्या चौरसाला आपला कंस चढवणे म्हणजे इतिहास नव्हे, असे त्यांचे म्हणणे. उत्तरे आली ती साध्यासुध्या लोकांकडून नव्हेत. व्हान डर वार्डन, फ्रॉइडेन्थाल आणि १९७८ साली आंद्रे वेल, असे तीन थोर गणिती एकामागून एक त्यांच्यावर तुटून पडले. गणित जाणणारालाच गणिताचा इतिहास कळतो, असा त्या उत्तरांचा साधारण रोख होता.

साहित्यात असा वाद आपण किती वेळा ऐकला आहे! ज्ञानेश्वरीतल्या शब्दाला आजचा अर्थ चिकटवू नये असे एकजण म्हणतो, आणि अर्थ कळायचा तर आजच्याच शब्दांत कळणार असे दुसरा म्हणतो. आम्ही ह्या प्रकरणात उंगुरूंच्या बाजूचे आहोत, पण पूर्णपणे नाही. चौरस कापून जोडण्याची कृती आणि चिन्हे फिरवण्याची कृती ह्या भिन्न आहेत; भिन्न प्रश्न सुचवतात, भिन्न चुका घडवतात. तथापि एकीतून दुसरीकडे जाता येते हेही खरेच, आणि नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मीने आपल्या रीती चौरस-आयत काढून समजावून सांगितल्या तेव्हा तो रस्ता प्रत्यक्ष चालला गेला. उंगुरूंच्या विरोधकांना तो रस्ता इतका परिचयाचा झाला होता की, तो बांधावा लागला होता ह्याचे भान त्यांना उरले नाही.

पाचव्या गृहीतकाची कथा अनेकदा सांगितली गेली आहे, म्हणून एकाच अंगाने सांगतो. युक्लिडची पहिली चार गृहीतके आटोपशीर आहेत. पाचवे, समांतर रेषांसंबंधीचे, लांबलचक आहे. ते गृहीतकापेक्षा प्रमेयासारखे वाचले जाते. दोन हजार वर्षे विद्वानांना ते खटकत राहिले, आणि ते इतर चारांतून सिद्ध करण्याचे प्रयत्न चालू राहिले. उमर खय्यामने, होय, रुबायांच्या त्याच खय्यामने, ह्यावर ग्रंथ लिहिला. १७३३ साली साकेरीने नवी भूमिती जवळजवळ हाती आलेली असताना ती नाकारली. १८२९ साली लोबाचेव्हस्कीने आणि १८३२ साली बोल्याईने ती स्वीकारली. मग युक्लिडची गृहीतके स्वयंसिद्ध सत्ये नव्हेत हे जगाला कळले. पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'मागणी' असा आहे! युक्लिड वाचकाजवळ पाच गोष्टी मागतो. अनुवादांच्या आणि भाष्यांच्या परंपरेत त्या मागणीचे शाश्वत सत्य झाले, आणि स्पिनोझाने १६७७ साली प्रसिद्ध झालेले आपले नीतिशास्त्र त्याच साच्यात ओतले.

आता हार्डीच्या दाव्याकडे. एस्किलसची सात नाटके उरली. त्याने लिहिली त्याहून किती तरी अधिक. आर्किमिडीज मात्र सुखरूप राहिला काय? त्याने आपले शोध कसे लावले हे सांगणारा 'पद्धती' हा ग्रंथ केवळ एकाच हस्तलिखितात उरला. दहाव्या शतकातल्या त्या चर्मपत्रांवरची शाई तेराव्या शतकात खरवडून वर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ साली हायबर्गने कॉन्स्टँटिनोपलमध्ये भिंगाने ती पुसट अक्षरे वाचली; पुढे पोथी नाहीशी झाली, १९९८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात २० लाख डॉलरना विकली गेली, आणि मग क्ष-किरणांच्या साहाय्याने उरलेले वाचले गेले. त्यातला मजकूर कित्येक शतके कोणाच्याही विशेष उपयोगी पडला नसेल, पण तो हरवला असता तर त्याची कल्पना आपोआप पुन्हा त्याच रूपात जन्मली असती असे म्हणवत नाही. आर्किमिडीज सिराक्यूजच्या डोरिक बोलीत लिहीत असे. काही ग्रंथांतून नकलकारांनी ती बोलीही घालवली.

जे टिकले ते अनुवादकांच्या जिवावर टिकले. युक्लिड बगदादमध्ये अरबी झाला, बाराव्या शतकात अरबीतून लॅटिन झाला, आणि १४८२ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसीने त्याची अरबी संहिता नव्याने सिद्ध केली. तिच्यावरून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या आश्रयाने सम्राट जगन्नाथाने 'रेखागणितम्' हा संस्कृत ग्रंथ रचला, ज्याची छापील आवृत्ती पुढे मुंबईतून, मुंबई संस्कृत मालेत निघाली. जगन्नाथ आरंभी हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितल्याचे नोंदवतो, म्हणजे ग्रीस तर सोडाच, बगदादही पुसून टाकतो. मात्र आकृत्यांतल्या बिंदूंना नावे देताना तो वर्णमालेच्या क्रमाने जात नाही. त्याचा त्रिकोण 'अबज' आहे. हा अलिफ, बा, जीम असा अरबी क्रम, आणि अल्फा, बीटा, गॅमा असा ग्रीकही. त्यानंतर शंभरेक वर्षांनी इंग्रजी पुस्तकांवरून मराठीत भूमिती आली तेव्हा तिसऱ्या बिंदूवर 'सी'च्या जागी 'क' बसला, आणि आपला त्रिकोण 'अबक' झाला.